ग्राझीचा हात

ग्राझीचं भलं व्हावं असं मला नेहमीच वाटायचं. फक्त माझ्यापेक्षा जास्त भलं होऊ नये, एवढीच माझी अट होती. ती मी कधी कुणाला सांगितली नाही. असल्या गोष्टी कोण सांगतं?

ग्राझी म्हणजे ग्राझिएला, माझी धाकटी बहीण. बारा वर्षांनी धाकटी. तिच्या वेण्या मी घातल्या, पाढे मी पाठ करून घेतले, आणि शाळेत मुलांनी तिच्या डब्यावरून नाकं मुरडली तेव्हा भांडायलाही मीच गेले. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी ती बावीसची होती. रसायनशास्त्राचं ऑनर्सचं वर्ष संपत आलं होतं आणि पुढे काय घ्यायचं यावर आमच्या घरी संसद भरली होती.

रविवारी दुपारी सेंट ऑल्बन्स उपनगरातल्या मा-पांच्या, म्हणजे आईवडिलांच्या, घरी सगळ्यांनी जेवायला यायचंच, हा माचा कायदा. सशाचा रस्सा, भाजलेली मॅकरोनी, आणि पोट फुटायला आलं तरी वर चीज भरलेल्या दोन खुसखुशीत पस्तित्सी. बाहेर वाळवंटाकडून येणारा उत्तरेचा गरम वारा सुटला होता, म्हणून पाने खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आम्ही सगळे आत शिजत होतो.

ग्राझीने ताटाशेजारी दोन कागद ठेवले. एक दोन वर्षांच्या मास्टर्सचा. नाव भलंमोठं, त्यात नॅनोटेक्नॉलॉजी ठळक अक्षरात. दुसरा पीएचडीचा, साध्या रसायनशास्त्रातला, आमच्याच विद्यापीठातल्या नेरिडा विटलॉक यांच्या हाताखाली.

"मला नॅनोमध्येच काम करायचंय," ती म्हणाली, "पण या दुसऱ्या पदवीच्या नावात तो शब्दच नाही गं. उद्या नोकरीला गेले तर कुणाला कळणार?"

"मार्थीझला विचार ना," मा म्हणाली. "ती नॅनोचीच तर मास्टर आहे. का गं? तोंड शिवलंय का तुझं?"

मार्थीझ म्हणजे मी. आणि हो, मी नॅनोची मास्टर आहे. एकविसाव्या वर्षी मीही असाच एक कागद हातात धरून बसले होते आणि त्या ठळक शब्दावर भाळले होते. माझ्या वर्गातल्या बाकीच्यांनी ऑनर्स केलं, एकाच टेबलावर वर्षभर डोकं फोडलं, प्रबंध लिहिला. मी त्यांना हसले. बिचारे, त्यांच्या पदवीत नॅनोचं नावसुद्धा नाही! दोन वर्षं मी वर्गात बसून ऐकलं, परीक्षा दिल्या, आणि सिलिकॉनची चकती एकदाही हातात धरली नाही. मग पीएचडीला अर्ज केला तर पहिलाच प्रश्न आला, तुमचा प्रबंध कुठाय? प्रबंध नव्हताच. तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून तेच. शेवटी विद्यापीठाच्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा प्रयोगशाळेत, तंत्रज्ञाची नोकरी लागली. अकरा वर्षं झाली. लोक येतात, माझ्याकडून यंत्रं शिकतात, डॉक्टर होऊन जातात. निरोपाचा केक मी कापते.

तेव्हा ग्राझीच्या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. पदवीच्या नावाला कुणी हिंग लावून विचारत नाही. कुणाच्या हाताखाली होतीस, यंत्रावर किती तास घातलेस, स्वतःचं म्हणून काय केलंस, एवढंच बघतात. पीएचडी घे, डोळे मिटून घे. हे सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात पाने सशाची मांडी, तीही मोठी, ग्राझीच्या ताटात वाढली आणि मा म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात डॉक्टर होणार! माझ्या गुडघ्याचं बघशील ना गं?"

"मा, तसली डॉक्टर नाही!"

"नसू दे. पाटीवर तर आडनावाआधी डॉक्टरच लिहिणार ना? डॉक्टर फारुजा!" आणि मा टाळ्या पिटत हसली.

मला नोकरी लागली तेव्हा याच टेबलावर मा म्हणाली होती, "बरं झालं, पगार वेळेवर मिळेल." मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "नाव महत्त्वाचं असतं ग्राझी. मास्टर्स घे."

"नक्की?"

"मी घेतलं होतं ना? वाईट काय झालं माझं?"

पा रस्सा भुरकू लागला.

मंगळवारी ग्राझीचा फोन आला. आवाज मांजरासारखा मऊ. "रागावू नकोस हं. मी नेरिडांना लिहिलं. माझे ऑनर्सचे सर म्हणाले, प्रबंध असलेलीच पदवी घे, नाव कुणी बघत नाही. तुझ्या वेळेला वेगळं असेल कदाचित."

"असेल."

"आणि खरं सांगू? ती क्लीनरूम तुझी आहे ना, म्हणूनही. मला तुझ्याजवळ काम करायचंय."

लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, आता ही रोज येणार, माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टर होणार, आणि हिच्याही निरोपाचा केक मीच कापणार.

नेरिडांची एक पद्धत होती, आणि इमारतीतल्या सगळ्यांना ती ठाऊक होती. कुणाला विद्यार्थी म्हणून घेण्याआधी त्या त्याला एक सकाळ क्लीनरूममध्ये माझ्याकडे पाठवायच्या. गुण, शिफारसपत्रं सगळं नंतर. दुपारी चहाच्या खोलीत मला एकच प्रश्न विचारायच्या, "हात कसा आहे?" मी "चांगला" म्हटलं की कागद पुढे सरकायचे. "घाई करतो" किंवा "लक्ष नसतं" म्हटलं की संपलं. अकरा वर्षांत त्यांनी माझा शब्द एकदाही डावलला नव्हता. त्या इमारतीत माझी इज्जत होती ती एवढीच.

ग्राझीच्या वेळेला मी म्हणाले सुद्धा, "नेरिडा, माझी बहीण आहे ती. दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या."

"छे! बहीण आहे म्हणूनच तू बघ," त्या म्हणाल्या. "तू तिला सूट देणार नाहीस. मी ओळखते तुला."

काय ओळखतात लोक!

गुरुवारी सकाळी ग्राझी आली. चेहऱ्याला काही लावलेलं नाही, अत्तर नाही, केस घट्ट बांधलेले. आम्ही कपडे चढवले. आधी टोपडं, मग तोंडावरची पट्टी, मग पांढरा डगला, बूट, शेवटी हातमोजे. नव्या माणसाचं इथेच काहीतरी चुकतं. डगला जमिनीला टेकतो, नाहीतर हातमोजे घालून झाल्यावर नाक खाजवतात. मी वाट बघत होते. चुकलं काहीच नाही.

आत भिंतीवर हवेतले कण मोजणारं यंत्र आहे. कुणी भरभर चाललं, हात झटकला, की त्यावरचा आकडा टुणकन वर जातो. माझं अर्धं लक्ष त्या आकड्यावर. ग्राझी दारातून यंत्रापर्यंत गेली, आकडा हलला नाही. तिने चिमट्याने चकती उचलली, कडेला धरून, बरोबर जिथे धरायची तिथे. तिच्यावर रसायनाचा थर चढवला आणि थर बसेपर्यंत नुसती उभी राहिली. मी सांगितलं नव्हतं. लोकांना उभं राहता येत नाही, हो! काहीतरी चाळा लागतो. ही उभी राहिली.

इलेक्ट्रॉनच्या झोताने रेघा मी कोरून दिल्या, कारण त्या यंत्राला नव्या माणसाने हात लावायचा नसतो. पण पुढचं सगळं तिचं. चकती द्रावणात बुडवायची, सेकंद मोजून काढायची, आणि वाळवायची. जीव जातो तो वाळवताना. केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या रुंदीच्या उभ्या रेघा त्या. जरा घाई झाली की एकमेकींवर कोसळतात. मला हे जमायला तीन महिने लागले होते. तीन महिने! घरी येऊन उशीत तोंड घालून रडायचे मी.

सूक्ष्मदर्शकाखाली चकती ठेवली. पडद्यावर रेघा आल्या. सगळ्या उभ्या. एकही कललेली नाही. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कोपरे तपासले. कुठे एखादा दोष असता तर मला सुख वाटलं असतं. नव्हतंच काही.

"कसं झालंय?" ग्राझीने विचारलं. पट्टीच्या वर तिचे डोळे चमकत होते.

"ठीक आहे."

"नुसतं ठीक?"

"मग काय, पहिल्याच दिवशी आरती ओवाळू?"

ती हसली. कार्टी काही मनाला लावून घेत नाही. हसतच गेली, आणि मी एकटी त्या पडद्यापुढे बसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी अकरा वर्षं घासली तेव्हा माझा हात असा झाला, आणि ही तो आईच्या पोटातून घेऊन आली! माझ्याच आईच्या पोटातून! मग मला का नाही मिळाला?

दुपारी चहाच्या खोलीत नेरिडा आल्या. बिस्किटाचा डबा पुढे ओढत त्यांनी विचारलं, "मग? हात कसा आहे?"

"हात चांगला आहे," मी म्हणाले.

इथे थांबले असते तर! एवढंच बोलून चहा प्यायले असते तर काय बिघडलं असतं माझं?

"पण घाई करते," मी म्हणाले.

नेरिडांचं बिस्कीट हातातच राहिलं. "अरेरे. कागदावरून तसं वाटलं नव्हतं."

"मलाही वाईट वाटलं."

"तू सांगितलंस हे बरं केलंस. सोपं नसणार तुला." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला हलकं वाटलं. गाडीत रेडिओ लावला, गाणंही म्हटलं. वाटलं, बघ, एका शब्दाचं काम होतं. जाईल मास्टर्सला, होईल माझ्यासारखीच कुणीतरी, आणि मग आम्ही बहिणी बहिणी गळ्यात गळे घालू.

शुक्रवारी नेरिडांचं पत्र ग्राझीला गेलं. रविवारी मी जेवायला पोचले तेव्हा मा दारातच उभी. "आत जा आणि बघ काय चाललंय ते. सकाळपासून वेड लागल्यासारखी करतेय पोरगी."

स्वयंपाकघरात ग्राझी टेबलापाशी होती. डोळे सुजलेले. हातात माचा भुवया कोरायचा चिमटा, समोर बशीत चांदीच्या कागदाचे कापलेले गोल तुकडे. एक गोल चिमट्याने उचलायची, हळूहळू चालत मोरीपर्यंत न्यायची, तिथल्या बशीत ठेवायची. परत यायची. दुसरा उचलायचा.

"काय करतेयस?"

"सराव." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "नेरिडांनी लिहिलंय, क्लीनरूममध्ये घाई होते असं कळलं, म्हणून यंदा घेता येणार नाही. शिष्यवृत्तीची मुदत येत्या शुक्रवारी संपतेय, म्हणजे झालंच ते. तू बरोबर होतीस. मी मास्टर्सचा अर्ज भरून टाकला काल."

मी पर्स खुर्चीला अडकवली.

"पण मार्थीझ, कुठे गं घाई झाली? मी रात्रंदिवस तेच आठवतेय. बुडवताना? की वाळवताना? मला कळलंच नाही. मला तर वाटलं होतं की मी एकदम..." तिचा आवाज फुटला. "तू होतीस ना तिथे. सांग ना, म्हणजे मी सुधारते."

"मी म्हणाले असं कशावरून?"

"अगं, दुसरं कोण होतं आत? आणि मी रागावले नाही. बहीण असून खरं सांगितलंस. तू खोटं कशाला बोलशील?"

मग तिने पुढचा गोल उचलला, आणि मी तिचा हात बघितला. थरथरत होता. गुरुवारी जो हात दगडासारखा स्थिर होता तो त्या चांदीच्या कागदाच्या तुकड्यापाशी थरथरत होता. गोल निसटला, जमिनीवर पडला. "बघ," ती म्हणाली, "बघ ना, खरंच होत नाही मला."

"पुरे झालं ते!" मा ओरडली. "जेवायला बसा! कसले मेले कागद उचलतेय!"

मी जेवले नाही. सशाचा वाससुद्धा सहन होईना. हात देवाने दिला की आईने, ते राहू द्या. बिघडवला मी. आणि तरीही, ऐका, त्या मोरीपाशी उभं राहूनसुद्धा माझ्या मनात एक कोपरा म्हणत होता की आता तरी तिला कळेल कसं असतं ते. तो कोपरा अजूनही आहे. मी काही संत झाले नाही.

सोमवारी सकाळी नेरिडांच्या खोलीचं दार वाजवलं. त्या पडद्यावर काहीतरी वाचत होत्या.

"बस. काय झालं?"

"मी खोटं बोलले. ग्राझिएला घाई करत नाही. तिच्याइतका शांत हात मी अकरा वर्षांत पाहिला नाही. कणांचा आकडा हलला नाही, रेघा सगळ्या उभ्या होत्या. चित्रं यंत्रात आहेत, तुम्ही बघा."

त्यांनी चष्मा काढला. "मग तू असं का सांगितलंस?"

काय काय उत्तरं तयार करून आणली होती गाडीत. तिचं वय लहान आहे, मला तिची काळजी वाटली, तिला झेपलं नसतं. तोंडातून आलं ते भलतंच.

"जळले मी. ती माझ्यापेक्षा चांगली आहे आणि ती तुमच्यासारखी होणार होती. मी नाही झाले."

नेरिडा ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी यंत्रातली चित्रं उघडली, एकेक करून बघितली. सगळ्या रेघा उभ्या. मग फोन उचलून ग्राझीला लावला. "ग्राझिएला, नेरिडा बोलतेय. माझ्याकडून चूक झाली. मुदत शुक्रवारपर्यंत आहे, तू आजच अर्ज पाठव, मार्गदर्शक म्हणून मी सही करते... हो, खरंच... नाही, तुझं काही चुकलं नव्हतं. काहीच नाही." पलीकडून ग्राझीची किंकाळी मला खुर्चीपर्यंत ऐकू आली. आनंद झाला मला. आणि पोटात दुखलंही, अगदी पूर्वीसारखंच. दोन्ही एकदम होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"माझ्याकडून चूक झाली" असं त्या म्हणाल्या होत्या. माझं नाव घेतलं नव्हतं. मी आभार मानायला तोंड उघडलं.

"बहिणीला काय सांगायचं ते तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. "ते मी करणार नाही."

"सांगते. आज संध्याकाळीच सांगते."

मी उठले. वाटलं, झालं. जे व्हायचं ते झालं, आता निदान नीट श्वास घेता येईल.

"थांब," नेरिडा म्हणाल्या. "मार्थीझ, मी सगळं तुझ्या शब्दावर केलंय. सगळं. कितीजणांना परत पाठवलं असेल मी? बारा? पंधरा?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. "मागच्या वर्षीची ती लेइलानी आठवते? सामोआ बेटांकडच्या कुटुंबातली मुलगी, लोगन शहरातून आलेली. तिच्या गुणांना तोड नव्हती. तू म्हणालीस, लक्ष नसतं कामात. मी तिला नाही म्हटलं. नंतर कळलं, तिने हा विषयच सोडून दिला. तिच्याबद्दल तू खरं सांगितलं होतंस ना?"

"हो" एवढंच म्हणायचं होतं. पटकन म्हणायचं होतं. पण मला तिचा हात आठवला, चिमटा धरलेला, अजिबात न हलणारा, आणि सूक्ष्मदर्शकाचा पडदा बघून ती किती मोठ्याने हसली होती ते आठवलं. नेरिडा माझ्याकडे बघत राहिल्या. मी परत खुर्चीत बसले.